रायशेनबाखच्या कड्यावरील पाट्या

स्वित्झर्लंडला जाणारी आपली मंडळी युंगफ्राऊ आणि टिटलिसचा बर्फ पाहतात, इंटरलाकेनला यश चोप्रांच्या पुतळ्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढतात आणि पुढच्या मुक्कामाकडे निघतात. त्याच इंटरलाकेनहून ब्रिएन्झ तलावाच्या काठाकाठाने जाणारी गाडी मायरिंगेन नावाच्या लहानशा गावी पोहोचते. तिथे उतरणाऱ्यांत मराठी माणूस क्वचितच दिसतो. गावाच्या वरच्या अंगाला रायशेनबाखचा धबधबा आहे. सर आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकातील कथेत शेरलॉक होम्सला त्याचा कट्टर शत्रू प्राध्यापक मॉरिआर्टी याच्याशी झुंजवत याच धबधब्यात ढकलून त्याचा निकाल लावला होता. धबधबे सह्याद्रीत मी पुष्कळ पाहिले आहेत. मला पाहायचे होते ते, कधीही न घडलेल्या एका घटनेची जागा होम्सच्या चाहत्यांच्या मंडळांनी कशी राखली आहे ते.

गावातील जुन्या इंग्लिश चर्चच्या तळघरात होम्सचे संग्रहालय आहे. ते १९९१ साली, होम्सच्या तथाकथित मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा उघडण्यात आले. चर्चबाहेरच्या चौकाला कॉनन डॉयल यांचे नाव दिलेले आहे आणि तिथे शिल्पकार जॉन डबलडे यांनी घडवलेला, १९८८ साली बसवलेला होम्सचा पुतळा आहे. होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छपन्न कथा अशा साठही कृतींच्या खुणा या शिल्पात दडवून ठेवल्या आहेत. पुतळ्याभोवती वाकून, चष्मा कपाळावर सारून त्या हुडकणारी माणसे पाहिली, की आपण नेमक्या कोणत्या पंथाच्या क्षेत्री आलो आहोत याची कल्पना येते. तळघरात लंडनच्या बेकर स्ट्रीटवरील होम्सच्या घरातली बैठकीची खोली उभी केलेली आहे. पर्शियन चपलेत ठेवलेली तंबाखू किंवा चाकूने फळीवर ठोकलेली पत्रे यांसारख्या तपशिलांसाठी चाहते अशा खोलीत शिरतात आणि पाठ केलेल्या मजकुराशी एकेक वस्तू ताडून पाहतात.

या मंडळींचा एक खेळ आहे आणि त्याला नियमही आहेत. होम्स आणि त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन ही हाडामांसाची माणसे होती, कथा वॉटसनने लिहिल्या आणि कॉनन डॉयल हे केवळ त्याचे प्रकाशनविषयक काम पाहणारे मध्यस्थ होते, असे गृहीत धरायचे. मग कथांतील प्रत्येक विसंगती ही लेखकाची चूक न मानता, पुराव्याच्या आधारे सोडवायचे कोडे मानायची. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ साली ऑक्सफर्डमध्ये वाचलेल्या एका निबंधाने या पद्धतीचा पाया घातला. पुढे १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये आणि लंडनमध्ये अशी दोन मंडळे निघाली. लंडनचे मंडळ काही वर्षांतच थंडावले आणि १९५१ मध्ये नव्याने उभे राहिले. वार्षिक भोजन, व्याख्याने, स्वतःचे नियतकालिक आणि कथांतील स्थळांच्या सहली असा त्याचा भरगच्च कार्यक्रम असतो.

वादाचे विषय ऐकले तर प्रथम हसू येते आणि मग आपणही त्यात ओढले जातो. अफगाण युद्धासाठी निघालेला वॉटसन मुंबई बंदरात उतरला आणि पुढे मैवंदच्या लढाईत त्याला गोळी लागली. पण पहिल्या कादंबरीत ती खांद्याला लागते, तर दुसरीत त्याचा पाय दुखतो. त्याचे नाव जॉन एच. वॉटसन असताना एका कथेत त्याची पत्नी त्याला जेम्स म्हणते. लंडनच्या मूळ मंडळातील लेखिका डोरोथी सेयर्स यांनी यावर तोडगा काढला, की वॉटसनच्या नावातील मधले ‘एच’ हे अक्षर ‘हॅमिश’चे असावे आणि हॅमिश हे जेम्सचेच स्कॉटिश रूप असल्याने बायको त्याला लाडाने तसे म्हणत असावी. माझ्या मते या खेळातील इतकी देखणी चाल दुसरी नाही.

धबधब्याकडे जाणारी दोरखेच रेल्वे १८९९ साली सुरू झाली. होम्स १८९१ मध्ये आला असल्यामुळे त्याला ही चैन मिळालेली नव्हती. लाकडी बाकांचा छोटा डबा चढणीवर सरकू लागतो आणि थोड्याच वेळात पाण्याचा आवाज बोलणे ऐकू येऊ देत नाही. वरच्या स्थानकाजवळ, धबधब्याच्या समोरच्या बाजूला पहिली पाटी आहे. अमेरिकेतील मिनेसोटाच्या ‘नॉर्वेजियन एक्सप्लोरर्स’ या मंडळाने लंडनच्या मंडळाबरोबर ती २५ जून १९५७ रोजी बसवली. मिनेसोटाच्या लोकांनी हे नाव का घेतले, तर धबधब्यातून वाचलेला होम्स सिगरसन नावाचा नॉर्वेजियन प्रवासी बनून तिबेटात हिंडला, असे पुढच्या एका कथेत येते म्हणून.

समोर, पलीकडच्या कड्यावर एक पांढरी चांदणी रंगवलेली दिसते. झटापट झाली ती जागा तीच. बहुतेक पर्यटक इथूनच तिचे छायाचित्र घेऊन परत फिरतात. तिथपर्यंत जायचे असेल तर झाडीतून धबधब्याच्या माथ्यापर्यंत चढावे लागते, पूल ओलांडावा लागतो आणि पलीकडच्या उतारावरून पुन्हा खाली यावे लागते. वाट फार अवघड नाही, मात्र ओल्या मुळांवरून पाय घसरतो. कड्यावर पोहोचल्यावर माणूस थोडा बुचकळ्यात पडतो, कारण कथेतील पायवाट धबधब्याच्या अगदी पोटाशी जाऊन संपते आणि ही मात्र पाण्यापासून बरीच अलीकडे तुटते. चाहत्यांना याची मुळीच अडचण वाटत नाही: मधल्या काळात कडा ढासळला, एवढे एक वाक्य त्यांना पुरते.

इथली पाटी २५ जून १९९२ ची, म्हणजे पहिल्या पाटीनंतर बरोबर पस्तीस वर्षांनी त्याच तारखेला लावलेली. ४ मे १८९१ रोजी या भयंकर जागी शेरलॉक होम्सने प्राध्यापक मॉरिआर्टीवर विजय मिळवला, असे तिच्यावर सरळ विधान आहे. कुठे ‘म्हणतात’ नाही की ‘कथेनुसार’ नाही. ती लावणाऱ्यांपैकी एक मंडळ स्वित्झर्लंडचे आणि दुसरे कॅनडातील मॉन्ट्रियलचे, ‘बायमेटॅलिक क्वेश्चन’ नावाचे. होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट नौदल, भारत, कॅनडा आणि सोने-चांदीच्या दुहेरी चलनाचा प्रश्न यांवर सरकारला एकहाती सल्ला देऊ शकतो, असे होम्स एका कथेत सांगतो. त्या यादीतून कॅनडाच्या लोकांनी आपले नाव उचलले. चांदीचा भाव घसरल्याने आपला रुपया त्या काळात चांगलाच अडचणीत आला होता, त्यामुळे त्या यादीतील दोन नोंदी तरी आपल्याशी संबंधित आहेत, हे मी तिथे उभ्या उभ्या मोजून घेतले.

लंडनच्या मंडळाने १९६८ साली इथे वारी आणली, तीही व्हिक्टोरियन वेशात, प्रत्येकाने कथेतील एकेक पात्र होऊन. होम्स झाले होते मंडळाचे अध्यक्ष सर पॉल गोर-बूथ, आणि त्या वेळी ते ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी होते. हेच गृहस्थ गोवा मुक्त झाला त्या डिसेंबर १९६१ मध्ये ब्रिटनचे दिल्लीतील उच्चायुक्त होते. पंडित नेहरूंच्या सरकारशी बोलणी करणारा मुत्सद्दी काही वर्षांनी शिकारी टोपी घालून वार्ताहरांसमोर मॉरिआर्टीशी झुंजतो, यात मला पोरकटपणा दिसत नाही. जबाबदारीच्या कामात मुरलेल्या माणसालाच असा खेळ पूर्ण गांभीर्याने खेळता येत असावा.

उतरताना मी रेल्वे टाळून पायी निघालो, कारण याच उतारावर मंडळींचा आणखी एक प्रश्न अडकलेला आहे. खोट्या निरोपाला फसून वॉटसन धबधब्यापासून मायरिंगेनला घाईने परत गेला. त्याला तासाहून थोडा अधिक वेळ लागला आणि परत चढायला आणखी दोन तास, असे तो स्वतःच लिहितो. मी पन्नाशी ओलांडलेला, गुडघे कुरकुरणारा माणूस. वाटेत दोनदा पाणी प्यायला थांबूनही तासाच्या आत गावात पोहोचलो. गोळी पायाला लागली होती असे मानणाऱ्यांच्या हाती हा पुरावा द्यायला हरकत नाही, असे वाटून मी खूश होतो; पण संध्याकाळी संग्रहालयात भेटलेल्या एका वयस्क इंग्रज बाईंनी मला तिथल्या तिथे खोडून काढले. त्याच आठवड्यात वॉटसन गेम्मीची खिंड पायी ओलांडून आला होता, मग दुखऱ्या पायाने ते कसे जमले, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, खिंड ओलांडल्यामुळेच पाय दुखावला असेल. त्यांनी पिशवीतून वही काढली, माझे म्हणणे टिपून घेतले आणि हे लंडनला मांडून पाहते, असे अगदी सरळ चेहऱ्याने सांगितले.