हाफ डोमचं परमिट आणि आमच्या दोन खेपा

कॅलिफोर्नियात बे एरियात राहायला आल्यापासून इथल्या योसेमिटी नॅशनल पार्कला पाच-सहा वेळा तरी गेलो असू. भारतातून कोणी आलं की योसेमिटी ठरलेलंच, टनेल व्ह्यूला फोटो, एखादा धबधबा, की परत. पण समोर हाफ डोम, तो अर्धा कापल्यासारखा डोंगर दिसायचा आणि दरवेळी वाटायचं एकदा याच्या माथ्यावर जायचंच. पुण्यात असताना सह्याद्रीत भरपूर फिरलेय, हरिहरच्या पायऱ्याही चढलेय, त्यामुळे चढाईचं टेन्शन नव्हतं, परमिटचं मात्र काहीच कळत नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

शेवटचे 400 फूट गुळगुळीत ग्रॅनाइटवरून दोन केबल धरून चढायचे असतात. या केबल साधारण मे अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खांबांवर लावलेल्या असतात आणि तेव्हा रोज 300 च्या आसपासच माणसं सोडतात. त्यासाठी लॉटरी. मुख्य लॉटरी 1 ते 31 मार्च, ऑनलाइन, एका अर्जात जास्तीत जास्त 6 जण आणि 7 तारखा, निकाल एप्रिलच्या मध्याला. आपलं नाव लीडर किंवा अल्टरनेट (म्हणजे बदली लीडर) म्हणून एकाच अर्जात पाहिजे, दोन ठिकाणी टाकलं तर अर्ज रद्द होतात. शनिवार-रविवारच्या मागे लागू नका, आम्ही सातही तारखा मंगळवार-बुधवारच्याच टाकल्या आणि पहिल्याच वर्षी जूनअखेरचा बुधवार लागला!

पण आम्ही चूक केली ती निघण्याच्या वेळेची. ट्रेल जिथून सुरू होतो त्या हॅपी आयल्सहून चालायला लागेपर्यंत सात वाजून गेले. मिस्ट ट्रेलला व्हर्नल फॉलच्या तुषारांनी नखशिखांत भिजलो, मग नेवाडा फॉल, मग लिटल योसेमिटी व्हॅलीचं वाळूतलं चालणं, असं करत सब डोमच्या, म्हणजे हाफ डोमच्या अलीकडच्या छोट्या घुमटाच्या खाली पोचलो तेव्हा दीड वाजला होता. तिथे रेंजर परमिट आणि आयडी बघतात. वर पाहिलं तर पूर्वेकडून काळे ढग येत होते आणि दहाएक मिनिटांत लांबवर गडगडलं. उघडा कातळ, हातात लोखंडी केबल आणि त्यात वीज, याच्यापुढे विचार करायला काही उरतच नाही. नवरा म्हणाला, "चल, फिरू मागे." इतकं रडू आलं मला, पण फिरलो.

पुढच्या वर्षी मार्चच्या लॉटरीत नंबर लागला नाही. मग डेली लॉटरी. ज्या दिवशी जायचं त्याच्या दोन दिवस आधी मध्यरात्रीपासून दुपारी 4 पर्यंत अर्ज करायचा, रात्री उशिरा ईमेल येतं. अर्जाचे 10 डॉलर जातात ते जातात, नंबर लागला की माणशी आणखी 10. सप्टेंबरात मंगळवारसाठी अर्ज केला, रविवारी रात्री ईमेल आलं आणि सोमवारी गाडी काढली.

या वेळी पहाटे चारला हेडलॅम्प लावून निघालो. जाऊन-येऊन 14 ते 16 मैल आहेत आणि चढ 4,800 फुटांचा, त्यामुळे माणशी चार लिटर पाणी घेतलं. साडेनऊला केबलपाशी. बागकामाचे रबरी तळव्याचे ग्लोव्हज घेतले होते, पंचवीस डॉलरचे कशाला घ्यायचे. थोड्या थोड्या अंतरावर खांब आणि खांबांच्या पायाशी आडवी लाकडी फळी, दोन फळ्यांच्या मधे नुसता दगड, इतक्या वर्षांच्या बुटांनी घासून आरशासारखा झालेला. पाय सरकतात, ओढायचं काम हातांचंच. माझ्या पुढची मुलगी अर्ध्यात गोठली, खाली यायलाही तयार नाही. नवऱ्याने तिला फक्त पुढची फळी बघायला सांगितलं, मग एकेक फळी करत ती वर गेली आणि तिच्या मागे आम्ही.

माथा एवढा सपाट असेल असं खालून वाटत नाही. कडेला पालथं झोपून खाली पाहिलं तर अख्खी दरी, मर्सेड नदी दोऱ्याएवढी. तासभर बसलो, गूळपोळी खाल्ली, एकही ढग नव्हता.

उतरताना गुडघे बोलायला लागतात, म्हणून नेवाडा फॉलपासून जॉन म्युर ट्रेलने आलो, लांब पडतो पण पायऱ्या कमी. केबलच्या खाली लोकांनी सोडलेल्या ग्लोव्हजचा ढीग असतो, त्यात आपले टाकून येऊ नका, बरोबर आणा. व्हर्नल फॉलच्या पुलापाशी पाण्याचा नळ आहे, तिथे पोचेपर्यंत आमच्या बाटल्या ठणठणीत कोरड्या होत्या आणि त्या नळाखाली आम्ही दोघंही डोकं धरून बराच वेळ उभे होतो.