सही जुळत नाही

नव्वदच्या दशकातली जवळपास चार वर्षं मी नापास झालेल्या सह्या घेऊन मुंबईभर फिरायचो. म्हणजे कामाचं नाव डिलिव्हरी क्लार्क, १९९५ ला बीकॉम झाल्या झाल्या फोर्टात एका शेअर ब्रोकरकडे लागलो, पगार सांगत नाही, हसाल. आता डीमॅट, म्हणजे कागदाशिवाय शेअर ठेवायचं खातं, उघडायला मोबाईलवर दहा मिनिटं लागतात आणि पोरं विचारतात की त्याआधी शेअर होते तरी कुठे, म्हणून लिहून ठेवतोय.

शेअर कागदावर होते. शंभर शेअरचं एक सर्टिफिकेट, कुठे पन्नासचं. त्याला टाचलेली ट्रान्स्फर डीड, म्हणजे शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा फॉर्म, आम्ही टीडी म्हणायचो. टीडीवर आरओसीचा (सरकारी कंपनी रजिस्ट्रारचा) तारखेचा शिक्का हवा, विकणाऱ्याची सही हवी, साक्षीदार हवा, मागे शंभर रुपयाला पन्नास पैसे या हिशोबाने शेअर ट्रान्स्फरचे स्टॅम्प चिकटवायचे आणि ते रद्द केल्याची खूणही करायची, नाहीतर बॅड, म्हणजे कागद नापास. फोलिओ नंबर (कंपनीकडचा खातेनंबर), सर्टिफिकेट नंबर, डिस्टिंक्टिव्ह नंबर (प्रत्येक शेअरचा स्वतःचा नंबर) कुठून कुठपर्यंत ते सगळं जुळायला हवं, एका आकड्यावर गिरवलेलं दिसलं तरी बॅड. कुठल्या संस्थेने लाखभर शेअर विकले की हजार सर्टिफिकेटं आणि हजार टीडी, आम्ही चौघं पोरं जमिनीवर बसून टाचण्या मारायचो. बोटांना थुंकी लावून लावून जिभेची चवच गेली होती (स्पंज होता, पण स्पंजने वेग येत नाही).

खरी गंमत पुढे. टीडीवर घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवायचे. त्यामुळे तोच कागद या ब्रोकरकडून त्या ब्रोकरकडे, तिकडून तिसऱ्याकडे असा सहा सहा महिने फिरायचा आणि शेवटी ज्याला खरंच शेअर ठेवायचे आहेत तो आपलं नाव भरून कंपनीला पाठवायचा. कंपनीला कायद्याने दोन महिने मिळायचे. दोन महिन्यांनी पाकीट परत, आत चिठ्ठी, 'सिग्नेचर डिफर्स', विकणाऱ्याची सही रेकॉर्डशी जुळत नाही. मग ते पाकीट ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने उलटं यायचं, शेवटच्याकडून त्याच्या ब्रोकरकडे, तिथून आधीच्या ब्रोकरकडे, आणि असं करत करत कधीतरी आमच्या टेबलावर, आमच्या क्लायंटने विकले होते म्हणून. तोवर भाव कुठल्या कुठे गेलेला. क्लायंटला शोधायचं, नवी सही घ्यायची, बँक मॅनेजरकडून ती अटेस्ट करून, म्हणजे खरी असल्याचा शिक्का घेऊन, आणायची, नाहीतर बाजारातून दुसरे शेअर उचलून द्यायचे. हे शोधायचं काम माझं.

एकदा कल्याणला गेलो होतो, रिटायर्ड गृहस्थ, इश्यूचा फॉर्म भरला तेव्हाची सही झोकदार आणि आता हात थरथरतो. ते म्हणाले अहो मी जिवंत तुमच्यासमोर बसलोय, आणखी काय पाहिजे. मी तेव्हा बावीस तेवीस वर्षांचा, कामाची मस्ती होती, म्हटलं काका कंपनीला तुम्ही दिसत नाही, सही दिसते. काकूंनी तरीही पोहे दिले.

आणि हे सही न जुळणं म्हणजे साधं दुखणं. पोस्टात चोरीला गेलेली सर्टिफिकेटं बाजारात यायची, छापलेली खोटी यायची. ९२ च्या हर्षद मेहता प्रकरणानंतर तर आणखी एक भानगड, घोटाळ्यात ज्यांची नावं सरकारने नोटिफाय केली त्यांच्या नावावरचे शेअर गोठले, आणि ते कागद तर आधीच बाजारभर पसरलेले, म्हणजे तुम्ही चांगले पैसे मोजून शेअर घेतले आणि कंपनी म्हणते हे टेंटेड, डाग लागलेले आहेत, नावावर होणार नाहीत. बिचाऱ्या घेणाऱ्याला काय माहीत चार हात मागे कोण होतं. तसा तो अख्खा घोटाळाच कागदाचा, बँकांनी एकमेकांना रोख्यांऐवजी नुसत्या बँक रिसीट दिल्या आणि मागे रोखे आहेत का हे कोणी बघितलंच नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हां. १९६८ साली न्यूयॉर्कच्या बाजारात कागद इतके तुंबले की दर बुधवारी बाजारच बंद ठेवायचे, मागचं काम उपसायला. आपल्याकडे कागदच काढून टाकायची अक्कल १९९६ ला आली. डिपॉझिटरीज कायदा झाला (डिपॉझिटरी म्हणजे सगळ्यांचे शेअर कॉम्प्युटरवर सांभाळणारी संस्था) आणि नोव्हेंबरात त्यातली पहिली, एनएसडीएल, सुरू झाली, तिच्यामागे आयडीबीआय, युटीआय आणि एनएसई. नंतर १९९९ ला बीएसईने पुढाकार घेतलेली सीडीएसएल.

आमच्या शेठना मात्र पहिली दोन वर्षं हे काही पटलं नाही. कागज हाथमां नथी तो माल कोनो, एवढंच म्हणायचे. आणि त्यांचा प्रश्न अगदीच खुळा नव्हता, कारण डीमॅटमध्ये कंपनीच्या रजिस्टरवर मालक म्हणून नाव डिपॉझिटरीचं लागतं आणि तुम्ही बेनिफिशियल ओनर, लाभ सगळे तुमचे. डिस्टिंक्टिव्ह नंबरही गेले, माझे शंभर आणि तुमचे शंभर यात फरकच नाही, विहिरीतल्या पाण्यासारखं. हे एकदा डोक्यात शिरलं की चोरीचा कागद, टेंटेड कागद, फाटका कागद हे सगळं का संपलं ते आपोआप कळतं, कारण जो नंबर लावून भांडायचं तो नंबरच उरला नाही. ९८ च्या जानेवारीपासून ठराविक शेअरांत मोठ्या संस्थांना डीमॅटची सक्ती झाली, ९९ च्या जानेवारीपासून आपल्यासारख्यांना, आणि मग शेठनी एका सकाळी सांगितलं की कॉम्प्युटरचा कोर्स कर. चारातले आम्ही दोघं राहिलो. बाकीच्या दोघांना तसा कोर्सही कोणी सांगितला नाही, आणि तेव्हा मला त्याचं फार काही वाटलं नव्हतं हे खरं आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, आठवड्याचं सेटलमेंट जाऊन टी प्लस पाच (टी म्हणजे सौद्याचा दिवस, त्यानंतर इतक्या दिवसांत हिशोब चुकता), तीन, दोन, आणि २०२३ च्या जानेवारीपासून सगळीकडे टी प्लस एक. आज विकलं, उद्या पैसे. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचो की सहीचा त्रास आपण कायमचा गाडला.

मग २०२३ मध्ये बाबा गेल्यावर कपाटात फाईल सापडली. पाच कंपन्यांची सर्टिफिकेटं, पहिलं नाव बाबांचं, दुसरं आईचं, पत्ता गिरगावातल्या चाळीचा जी आम्ही ९४ ला सोडली. शेअर बाजारात आयुष्य काढलेल्या पोराच्या बापाने डीमॅट केलं नव्हतं! मी दर दिवाळीला विचारायचो, ते म्हणायचे करू रे, काय पळून जातायत. (एका कंपनीचे खरंच पळाले होते, सात वर्षं डिव्हिडंड न उचलल्यामुळे आयईपीएफ नावाच्या सरकारी फंडात. ती वेगळी रडकथा आहे, पुन्हा कधीतरी.)

एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर ट्रान्स्फर होतच नाहीत, फक्त मृत्यूनंतरचं वगैरे चालतं, म्हणून म्हटलं बाबांचं नाव कमी करा आणि शेअर आईच्या डीमॅटला टाका, सोपं आहे. आयएसआर नावाचे फॉर्म असतात, एक केवायसीचा, एक सहीचा, एक मूळ कामाचा. भरले, पाठवले. तीन आठवड्यांनी रजिस्ट्रारचं, म्हणजे कंपनीच्या शेअरचं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ऑफिसचं, पत्र आलं. आईची सही जुळत नाही.

मी पत्र हातात धरून हसलोच.

झालं होतं असं की ९३ च्या रेकॉर्डला आईची सही मराठीत, पूर्ण नाव, वर छान रेघ ओढलेली. नंतर बँकेत बाबांनी तिला इंग्रजीत करायला लावली, एटीएम कार्ड आलं तेव्हा. म्हणजे बँकेकडे एक सही, कंपनीकडे दुसरी, आणि मी शहाण्याने काय केलं, कंपनीला चालावी म्हणून फॉर्मवर तिच्याकडून मराठी सही करून घेतली. रजिस्ट्रार म्हणतो थरथरलेली आहे, जुळत नाही, बँकेकडून अटेस्ट करून आणा. बँक म्हणते आमच्याकडे ही सहीच नाही. आईला रिक्षात घालून दोनदा नेलं, ती खुर्चीत बसून पासबुकाने वारा घेत होती आणि मला कल्याणचे पोहे आठवत होते.

उपाय शेवटी सोपा निघाला, त्या सहीच्या फॉर्मवर बँकेतलीच इंग्रजी सही करायची, मॅनेजर तीच अटेस्ट करतो आणि कंपनीच्या रेकॉर्डला ती नवी सही चढते. तुमच्या घरी असं काही असेल तर जुनी सही गिरवत बसू नका, बँकेची सही धरा. मग काम मंजूर झाल्याचं लेटर ऑफ कन्फर्मेशन आलं, ते एकशेवीस दिवसांच्या आत डीपीकडे (जिथे डीमॅट खातं आहे तिथे) द्यावं लागत होतं, दिलं, आणि पंधरा दिवसांत शेअर खात्यात. ट्रंकभर कागदाच्या चार ओळी झाल्या.

आईने त्यातले थोडे विकायला सांगितले, ओटा नवा करायचाय. विकायला आता सही लागत नाही, तिच्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो आला की ती चष्मा लावून एकेक आकडा जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा वाचते, मी कितीदा सांगितलं हळू बोल, तर म्हणते तुला ऐकू नको का यायला.