तुम्ही विचारलंत म्हणून: केमॅलॉक फेल होत नाही, तर नल का तपासता?

केमॅलॉक म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन; मेमरी मिळाली नाही तर ते नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, परत देतं. कर्नलवर काम करणारी नवी मुलं रिव्ह्यूत हमखास विचारतात: "सर, छोटं केमॅलॉक फेल होतच नाही. मग प्रत्येक ठिकाणी नल तपासून, घेतलेलं परत करत मागे फिरणारी गोटोची ही उतरंड कशाला?"

प्रश्न अडाणीपणाचा नाही. जीएफपी कर्नलने, म्हणजे गरज पडली तर थांबायची तयारी ठेवून, मेमरीच्या सलग ८ पानांपर्यंत, म्हणजे ४ केबीच्या पानांत ३२ केबीपर्यंत मागितलं, तर कर्नल सहसा नाही म्हणत नाही. पानं मोकळी करतो, मेमरी संपल्यावर धावून येणाऱ्या ओओएम किलरकडून एखादी प्रोसेस मारवतो, पुन्हा प्रयत्न करतो. २०१४ साली यावर उघड चर्चा झाली तेव्हा मुरलेल्या कर्नलवाल्यांनाही धक्का बसला होता. पण तसं वचन कुणी दिलेलं नाही. ओओएम किलरने तुमचीच प्रोसेस निवडली तर नल येऊ शकतो. आणि इंटरप्टमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या हाकेला तातडीने ओ देताना, झोपता येत नाही, तिथे न थांबता मागणारं जीएफपी अॅटॉमिक लागतं. ते फेल होतं. मी पाहिलंय.

नेटवर्क ड्रायव्हर माझाच होता. पॅकेट आलं की इंटरप्ट, त्यामागून पॅकेटं उचलणारं पोल फंक्शन, आणि पोलमध्येच रिसीव्ह रिंगमध्ये, म्हणजे कार्ड आलेली पॅकेटं जिथे ठेवतं त्या बफरांच्या रांगेत, नवे बफर भरायचे. नल मी तपासला होता. बफर मिळाला नाही तर लूपमधून बाहेर, वर कमेंट: 'पुढच्या खेपेला भरू'. एका ग्राहकाकडे रात्री बॅकअप चालू असताना मेमरी आटली आणि रिंग रिकामी झाली. बफर नाही म्हणून पॅकेट नाही, पॅकेट नाही म्हणून इंटरप्ट नाही, इंटरप्ट नाही म्हणून भरणं नाही. थोड्या वेळाने मेमरी भरपूर मोकळी झाली, तरी मशीन बहिरंच. लिंक अप, दिवा हिरवा, पिंगला उत्तर नाही. त्यांनी केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला. रीबूट केलं की चालायचं, पुढच्या बॅकअपला पुन्हा तेच. तीन रात्री मी फोनवर ठणकावून सांगत होतो की ड्रायव्हरमध्ये नल तपासलेला आहे. तिसऱ्या रात्री सिरियल कन्सोलवरून कुणीतरी काउंटर वाचून दाखवला: रिंगमधले बफर शून्य. ती कमेंट माझ्या डोळ्यांसमोर आली. पुढची खेप येणारच नव्हती.

दुरुस्ती लहानशी होती. नवा बफर आधी मागायचा. नाही मिळाला तर आलेलं पॅकेट टाकून जुनाच बफर रिंगमध्ये परत ठेवायचा. गेलेलं पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवतं.

फॉल्ट इंजेक्शन, म्हणजे मुद्दाम चुका घडवून पाहायची सोय, कर्नलमध्ये तेव्हाही होतं. त्यातलं मेमरीची मागणी मुद्दाम फेल करणारं फेलस्लॅब चालवलं असतं तर हे माझ्या टेबलावरच सापडलं असतं. चालवलं नाही, कारण तेव्हा मीही तुमच्यासारखंच म्हणायचो.

तुमची एक गोष्ट मला मान्य आहे. कधीच न चाललेल्या एरर पाथमध्ये, म्हणजे काही फसलं तरच चालणाऱ्या कोडमध्ये, डबल फ्री (एकच मेमरी दोनदा सोडणं) दडलेलं असतं, आणि ते नलपेक्षा वाईट. बूटच्या वेळी मेमरी नाही मिळाली तर मी सरळ पॅनिक करतो, म्हणजे कर्नलच थांबवतो. फाइलसिस्टीमवाले ट्रान्झॅक्शनच्या मध्यावर नोफेल, म्हणजे मिळेपर्यंत नाही न म्हणणारी मेमरी, मागतात तेही पटतं, तिथून मागे फिरायला वाट नसते. मग डिव्हाइस सापडल्यावर ते सुरू करणाऱ्या माझ्या प्रोब फंक्शनमध्येच नोफेल का नको, यावर तुम्हाला गप्प करील असं उत्तर माझ्याकडे नाही. तरी तुमच्या पुढच्या पॅचवर मी विचारणार आहे: नल आला, मग पुढे काय?