सुतावरून सूर

मावशीचा तंबोरा बरीच वर्षं गवसणीत उभा होता. परवा तारा छेडल्या तर आवाज असा बद्द, की दार वाजवल्यासारखं वाटावं. मग मिरजेला न्यायचं ठरलं. सांगलीहून मिरज म्हणजे काही प्रवास नव्हे, पण तंबोरा घेऊन रिक्षात बसायचं म्हणजे आहे. भोपळा माझ्या मांडीवर, दांडी बाहेर आणि या दोन्हींच्या मधे कुठेतरी माझी भाची. चौथीतली. शाळेला सुट्टी, घरी कुणी नाही, म्हणून आलेली. तिला गाण्याबिण्याची अजिबात आवड नाही, हे इथंच सांगून टाकतो.

सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी पॉलिशचा वास येतो. पंढरपूरकडचे कडू भोपळे वाळून ढिगानं पडलेले. खायच्या भोपळ्याशी त्यांचं नातं आडनावापुरतंच. तलवारींना धार लावणारी शिकलगारांची घराणी दीडेकशे वर्षांपूर्वी या वाद्यांकडे वळली. या कामाची सुरुवात करणाऱ्या फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव अजून तिथं कालपरवाचं असल्यासारखं घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही सांगलीकरांनी तेव्हा फोनवर ती बातमी एकमेकांना पाठवून कर्तव्य पार पाडलं.

दुकानातल्या चाचांनी तंबोरा आडवा घेतला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीकडे बघितलं आणि नुसतं 'हं' केलं. मग कानस. दोन हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, परत कानस. घोडी अशी घासून आवाज खुलवायचा, याला जवारी काढणं म्हणतात आणि यात घाई केलेली चालत नाही. मी पेपर वाचून संपवला. भाची मात्र हलली नाही.

मावशी रियाजाला बसायची तेव्हा आम्हा पोरांना त्या खोलीत नुसतं बसायची परवानगी होती. तंबोऱ्याला बोट लावलं की पाठीत धपाटा. ती तारेखाली नखानं काहीतरी खालीवर करायची. मला वाटायचं, धूळ काढते. ते सूत होतं, हे मला मोठेपणी कळलं, तेही कुणीतरी सांगितल्यावर. आता सगळे फोनवरचा तंबोरा लावतात. माझा त्याच्यावर राग आहे, कारण विचाराल तर सांगता येणार नाही. तो कधीच उतरत नाही, हेच बहुधा कारण असावं.

चाचांनी पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तोडला, घोडी आणि तार यांच्यामधे सरकवला आणि भाचीला म्हणाले, "बेटा, मी छेडतो. तू सूत पुढं घे. हळू."

तिनं ओढलं. बद्द. मागं घेतलं. बद्दच. जीभ ओठांत धरून तिनं दोरा केसभर हलवला आणि तव्यावरची भाकरी टम्म फुगावी तसा तो आवाज एकदम उघडला. गल्लीभर घुमला. मला वाटलं, आता ही टाळ्या पिटणार. तिनं काय करावं? सूत मुद्दाम सरकवलं आणि आवाज घालवला. मग पुन्हा शोधला. परत घालवला, परत शोधला. चाचा न बोलता तार छेडत राहिले. पुढच्या दोन तारा तिला पटापट जमल्या. खर्जाच्या पितळी तारेनं मात्र दमवलं. मी मधेच "झालं की" म्हणालो, तर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांगायला उठलो.

परत आलो तेव्हा ती विचारत होती, "सुट्टीत शिकायला आले तर चालेल?"

"ये की," चाचा म्हणाले. "हात काय, कुणाचाही बसतो. कान पाहिजे." आणि मग माझ्याकडे बघत, "आमची पोरं पुण्यात नोकरीला आहेत."

रात्री बहिणीला हे सगळं रंगवून सांगितलं. तंबोरा वाजवूनही दाखवला. तिनं मन लावून ऐकलं, लेकीचं कौतुक केलं आणि म्हणाली, "छंद म्हणून ठीक आहे रे."

भाची तिथंच बसली होती. मी पावसाचा विषय काढला.