आमची वाटचाल : कॅमेरा भाड्याचा, माणूस घरचा

कोल्हापुरात शूटिंगचा धंदा करणाऱ्याला रुबाब दाखवायची सोय नाही. शंभर वर्षांपूर्वी चित्रपट काढण्यासाठी बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा बघून याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला, आणि खरी कॉर्नरला त्याची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. आम्ही कॅमेरा घडवणं सोडाच, धड विकतसुद्धा घेतला नाही. आमची फर्म उभी राहिली ती भाड्याच्या कॅमेऱ्यांवर.

सुरुवात मात्र स्वतःच्या कॅमेऱ्यानं झाली होती. नव्वदच्या दशकाचा शेवट, खांद्यावरचा पॅनासॉनिकचा व्हीएचएस, हजार वॅटचा हॅलोजन धरणारा एक पोरगा आणि त्याच्या पायात अडकणारी वायर. मिक्सिंगला नवरा-नवरीवर बदामाच्या आकाराची फ्रेम टाकली की गिऱ्हाईक खूश. मग मिनीडीव्ही, म्हणजे छोटी डिजिटल टेप आली. गावातल्या जवळजवळ प्रत्येक स्टुडिओनं कर्ज काढून खांद्यावरचा नवा डीव्ही कॅमेरा घेतला. तीन-चार सीझनमध्ये एचडी आलं, त्यानंतर टेप जाऊन कार्ड आलं. कॅमेरा जुना होत गेला, बँकेचा हप्ता मात्र ताजाच राहिला. आम्ही तेव्हाच ठरवलं की ट्रायपॉड, माइक, हेडफोन, लाइट, केबल एवढंच आपलं ठेवायचं. बॉडी, म्हणजे खुद्द कॅमेरा, लागेल तशी भाड्यानं आणायची.

यात अडचण एकच. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, आणि मोठ्या मुहूर्ताला सगळ्यांना कॅमेरा त्याच दिवशी हवा असतो. भाड्यानं देणाऱ्याचं ठरलेलं उत्तर, "काका, तुमचा नेहमीचा गेला की ओ. हा घेऊन जावा, भारी आहे." भारी असतोच. पण तो आपण कधी हातात धरलेला नसतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपुडा, दुपारी लग्न.

म्हणून आमच्याकडे एक नियम पडला. अनोळखी कॅमेरा आदल्या संध्याकाळी घरी आलाच पाहिजे, त्यासाठी जादा भाडं पडलं तरी चालेल. आला की आधी मेन्यूत जाऊन सगळं रीसेट. आधीच्या माणसानं काय काय फिरवून ठेवलंय ते शोधत बसण्यापेक्षा कोऱ्या पाटीवरून सुरुवात केलेली बरी. मग तो ५० आयवर, म्हणजे आपल्या विजेशी जुळणाऱ्या चित्रांच्या वेगावर, आहे का ते बघायचं. अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेला कॅमेरा एकदा गिऱ्हाइकानंच आमच्या हातात दिला, "यावर काढा, क्वालिटी चांगली आहे." कॅमेरा ६०चा, शटर सेकंदाच्या १/६० वर. आपली वीज ५० हर्ट्झची, हॉलमधली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. स्क्रीनवर सगळा हॉल धडधडत होता. शटर १/१०० केलं आणि धडधड थांबली. स्टेजमागं एलईडी वॉल असेल तर एवढ्यानं भागत नाही. तिथं क्लिअर स्कॅनमध्ये जाऊन, पट्टे जाईपर्यंत शटर बारीक-बारीक सरकवावं लागतं.

नवीन पोरं कॅमेरा हातात आला की झूम करून बघतात. मी आधी मागचे दोन एक्सएलआर, म्हणजे बाहेरच्या आवाजाची वायर लावायच्या जागा, बघतो. चित्र थोडं हललं तर एडिटला झाकता येतं, मंगलाष्टक फाटलं तर ते कुठून आणणार? प्रत्येक इनपुटला माइक आणि लाइन असा खटका असतो, शिवाय काही माइकना वीज पुरवणारं ४८ व्होल्ट, कधी त्याच खटक्यावर, कधी वेगळं. काहींवर हे बाहेर असतात, काहींवर झाकणाखाली, काहींवर मेन्यूच्या पोटात. साउंडवाल्याच्या मिक्सरवरून येणारा आवाज लाइनचा, म्हणजे दमदार. खटका माइकवर राहिला तर तो आत शिरतानाच फाटतो, मग लेव्हलची चकती कितीही खाली घ्या. मीटर हलतोय म्हणजे आवाज नीट येतोय असं समजणारा कॅमेरामन मी ठेवत नाही. हेडफोन कानाला पाहिजेच, कारण लाइटच्या वायरची घरघरसुद्धा मीटर हलवते.

लग्नात ऑटो लेव्हल, म्हणजे आवाज कमी-जास्त करणं कॅमेऱ्यावर सोडून देणं, ठेवायची नाही, हे मी सगळ्यात आधी शिकवतो. भटजी एका सुरात म्हणत असतात, कॅमेरा त्या आवाजाला सवकतो. शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट खाली येतो आणि त्याच क्षणी बँड, हलगी, फटाके. ऑटो घाबरून सगळं दाबून टाकतं, हार घालतानाचा हशा, मामांची आरोळी, सगळं त्यात बुडतं. गलका थांबला की तेच ऑटो आवाज वर चढवतं आणि फक्त पंखे ऐकू येतात. म्हणून लेव्हल बँडवरून लावायची, भटजींवरून नाही. बँडवाल्या मामांना आधीच "जरा एक वाजवून दाखवा" म्हटलं की ते आनंदानं वाजवतात. तोच आवाज दुसऱ्या चॅनेलवरही घेऊन ते पहिल्यापेक्षा दहा-बारा डीबीनं (डेसिबल, आवाजाचं माप) खाली ठेवलं की एक बिघडलं तरी एक हाताशी राहतं.

उजेडाचं काम त्यामानानं सोपं, पण तिथंही कॅमेऱ्यागणिक जागा बदलते. दुपारी वरातीला एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावलेला असतो, हॉलमध्ये शिरल्यावर तो तसाच राहतो, मग अंधार वाटतो म्हणून गेन (चित्र कृत्रिमपणे उजळवणं) वाढवला जातो आणि चित्रात मुंग्या दिसायला लागतात. एनडीची चकती डोळे मिटून सापडली पाहिजे. हळदीला व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं रंगांचं सेटिंग, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा पिवळा कमी करायला बघतो. हळदीच्या व्हिडिओत हळदच फिकी! कोरा कागद धरून बॅलन्स घ्या आणि तिथंच थांबा. झेब्राचंही तसंच, म्हणजे ठरवलेल्या उजेडाच्या भागावर स्क्रीनवर उमटणाऱ्या पट्ट्यांचं. ७०चे पट्टे चेहऱ्यावर आणा असं सांगतात, पण आमच्याकडच्या उन्हात रापलेल्या चेहऱ्याला ७० म्हणजे पावडर फासल्यासारखं होतं. मी थोडं खालीच ठेवतो.

एक इंची सेन्सरचे कॅमेरे आल्यावर जुन्या कॅमेरामननाही नव्यानं हात बसवावा लागला. पूर्वीच्या १/३ इंचीवर पहिल्या रांगेपासून व्यासपीठापर्यंत सगळं कसं फोकसमध्ये असायचं. आता नवरीची नथ स्पष्ट आणि शेजारची करवली धूसर. पूर्ण झूम करायचं, डोळ्यावर फोकस लावायचा, मग मागं यायचं. ही जुनी रीत आहे, पण फोकसची रिंग दोन्हीकडं अडते की नुसतीच गरागरा फिरत राहते, हे आदल्या रात्रीच कळलेलं बरं. आणि कार्डावरची एक-एक फाइल उचलायची नाही, अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करायचं. लांब रेकॉर्डिंगचे कॅमेऱ्यानं केलेले तुकडे एरवी नीट जुळत नाहीत.

आज आमच्याकडे जी पोरं आहेत, ती कुठलाही कॅमेरा तासाभरात माणसात आणतात. त्यामुळं सांगली, इचलकरंजी, बेळगावचे स्टुडिओ स्वतःचा कॅमेरा देऊन फक्त माणूस मागतात. आमच्या धंद्याचा मोठा भाग आता हाच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. त्यानंतर तिथल्या जुन्या गॅदरिंगच्या, एकांकिकांच्या, भावगीतांच्या कार्यक्रमांच्या टेपा शोधत लोक यायला लागले. टेपा आहेत, पण त्या चालवायला मिनीडीव्हीचा कॅमेरा हवा आणि फायरवायरचं (टेपवरचं कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या जुन्या केबलचं) पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर. दोन्ही हुडकून आणले, कॅमेरा अर्थातच भाड्याचा. पोरं त्याच्याकडं बघत बसली. टेप कुठल्या बाजूनं घालायची हेही त्यांना माहीत नव्हतं. बरीच वर्षं पडून असलेली टेप लगेच प्लेला लावायची नाही, आधी एकदा टोकापर्यंत पुढं आणि परत मागं फिरवून घ्यायची, हेड साफ करायचं, मग लावायची. एवढं काम सध्या मीच करतो.