टाइमचं फ्रेंच

भाचीचा फ्रेंचचा पेपर तोंडावर आलाय. बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत दुपारी मागांची खटखट थांबत नाही, त्यात हिचं वेगळंच. "मामा, या टाइमनं मी वैतागलो बघ!" (आमच्याकडं पोरीसुद्धा वैतागलो, दमलो म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी हसायचं तर हसावं.)

तिला 'टाइम' असलेल्या इंग्रजी वाक्यांची एक यादी फ्रेंचमध्ये करायचीय. इंग्रजांनी एका टाइममध्ये सगळं कोंबलंय, फ्रेंचांना ते चालत नाही. सरत जातो तो 'ताँ'. घड्याळात बघायची ती 'अर'. आणि 'तीनदा सांगितलं' मधल्या 'दा'ला 'फ्वा'. त्यांच्या पाढ्यातही हाच फ्वा. मला काही नवल वाटेना. आपणही 'वेळ गेला' आणि 'वेळ झाली' म्हणतोच की, आणि कुणाला शिकवावं लागत नाही.

पण ताँ म्हणजे हवासुद्धा, हे ती बोलता बोलता म्हणाली आणि मी थेट खानापूरच्या स्टँडवर पोचलो. आजीचं माहेर कणकुंबीकडं, मलप्रभा उगम पावते तिथं. पावसाळ्यात तिकडच्या गाडीचा भरवसा नसे. आजी खिडकीशी जाऊन कंट्रोलरला विचारायची, "एष्टोत्तिगे री?" किती वाजता हो? तिचं कन्नड जवळपास तेवढंच, पण ठसक्यात. त्यातला 'होत्तु' म्हणजे वेळ, आणि सूर्यही. कंट्रोलरच्या डोक्यावर घड्याळ होतं, तरी तो मान वाकवून बाहेर आभाळाकडं बघायचा आणि म्हणायचा, "ईग बरतैति." आत्ता येतीय. मग आम्ही भिजलेल्या बाकावर शेंगा सोलत बसायचो. टरफलं आजी पदरात गोळा करायची, स्टँडवर टाकू द्यायची नाही. गाडी यायची कधीतरी. त्या माणसाला ताँ शिकवायची गरज नव्हती.

मी अजून घरातून निघताना आधी वर बघतो. बायको म्हणते, मोबाइलात बघा की.

'गुड टाइम' सोपं निघालं, तिथं त्यांनी टाइम सोडूनच दिलाय. मजा केली, बास. शेवटी यादीत होतं तुरुंगात काढलेल्या टाइमचं. फ्रेंचमध्ये तिथंही टाइम नाही, शिक्षा आहे. ती 'पुर्जे' करायची, म्हणजे भोगून संपवायची. आपणही शिक्षा भोगतोच.

१९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतरच्या सत्याग्रहात आमच्या गल्लीतले एक काका हिंडलग्याच्या जेलात होते. त्यांच्या तोंडी भोगणं कधी आलं नाही. "हिंडलग्याला राहून आलो" म्हणायचे, जसं कुणी बहिणीकडं चार दिवस राहून येतं. किती राहिले, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.