स्टेक, कोळंबी आणि खरवड

परवा लग्नाचा वाढदिवस होता, बाहेर जायचा दोघांनाही कंटाळा, म्हणून मी म्हटलं घरीच सर्फ अँड टर्फ करूया. ह्यूस्टनमध्ये नऊ वर्षं झाली, इथल्या स्टेकहाउसच्या मेनूवर हे नाव हजारदा वाचलंय. सर्फ म्हणजे समुद्रातलं, टर्फ म्हणजे गवतावरचं, आणि दोन्ही एकाच पानात. आमच्या अलिबागकडे मटण आणि कोळंबी एकाच जेवणाला केली तर शेजारचे विचारतील, काय गं, साखरपुडा आहे का कुणाचा?

कोळंबीचं मला टेन्शन नव्हतं. पाकिटावर १६/२० लिहिलेलं, म्हणजे पाउंडाला १६ ते २० नग, चांगली बोटभर मोठी. सोलून काळा धागा काढला आणि सवयीने हात हळदीच्या डब्याकडे गेलाच, कसाबसा मागे घेतला. घाबरवत होती ती स्टेक. सव्वा इंच जाडीची रिबआय, म्हणजे बीफचा बरगडीकडचा तुकडा, मीठ लावून तासभर ठेवली, मग पेपर टॉवेलने टिपून टिपून कोरडीठक्क केली. कारण साधं आहे, वर पाणी असेल तोवर पृष्ठभाग १०० डिग्री सेल्सियसच्या फार पुढे जात नाही, आणि तो खमंग तपकिरी रंग धरायला साधारण १४० तरी लागतात. मायार नावाच्या फ्रेंच केमिस्टने १९१२ मध्ये ही भानगड मांडली, आपल्याकडे कांदा-खोबरं भाजणाऱ्या बायकांना ती आधीच माहीत होती, त्यांनी फक्त पेपर लिहिला नाही.

तवा बिडाचा. चांगला तापवला, तेल घातलं, स्टेक ठेवली आणि चर्रर्र आवाज झाल्यावर पुढची तीन मिनिटं हात मागे बांधून उभं राहायचं, हे मला जमत नाही हो, आपल्याला सारखं परतायची सवय. दुसऱ्या बाजूला उलटून बटर आणि लसूण टाकला आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. नवरा स्टुलावर चढून टॉवेल हलवतोय, मी खिडक्या उघडतेय, आणि या गडबडीत थर्मामीटर खुपसायचा राहिलाच, खुपसला तेव्हा १३८ फॅरनहाइट. मला १३० हवं होतं. इथल्या सरकारचा सल्ला १४५ आणि वर तीन मिनिटं विश्रांती असा आहे, नवरा त्या पार्टीचा, त्यामुळे तो खूश. शिवाय तव्यावरून काढल्यावरही आतलं तापमान चार-पाच डिग्री चढतंच, म्हणजे माझं मीडियम रेअर, आतून लालसर गुलाबी राहणारं, गेलंच.

मग त्याच तव्यात कोळंबी. एका बाजूला दीड मिनिट, दुसऱ्या बाजूला एक, इंग्रजी सी सारखी वाकली की काढायची, पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे रबर. आईचं यावर एकच वाक्य, कोळंबीला चुलीचं तोंड दाखवायचं फक्त.

आणि आता खरी मजा. तव्याच्या तळाला स्टेकचं, लसणीचं, कोळंबीचं सगळं करपता करपता राहिलेलं चिकटलेलं. याला इथे फाँड असं गोड नाव आहे, आपण खरवड म्हणतो. लहानपणी दुधाच्या पातेल्याच्या खरवडीवर साखर घालून आम्ही भावंडं मारामारी करायचो, तीच ही, खारी. त्यात थोडं पाणी घालून लाकडी उलथन्याने खरवडली, मग हेवी क्रीम, मिरपूड, मूठभर पार्मेजान चीज. लिंबू पिळताना जीव थोडा दचकला, कारण कालवणात नारळाचं दूध घातलं की उकळी येऊ द्यायची नाही, फुटतं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण क्रीममध्ये ३६ टक्के तरी फॅट असतं, ते आंबटाला आणि उकळीला घाबरत नाही. दोन मिनिटांत सॉस चमच्याला चिकटायला लागला, फिकट बदामी, आणि वास असा की अलार्मचा राग विसरले.

स्टेक कडेला जरा जास्तच झाली होती, खरं सांगते. सॉसने सांभाळून घेतलं. शेवटी फ्रीजमधल्या कालच्या पोळ्यांनी तवा पुसून खाल्ला, मेणबत्ती वगैरे लावून.

आईला फोटो पाठवला, अर्थात फोटोतून स्टेक कापून टाकून, नुसती कोळंबी आणि पुसलेला तवा. म्हटलं क्रीममधली कोळंबी केली. अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला, कोळंबीबद्दल एक अक्षर नाही.

"बीड आहे ना गं ते? साबणात भिजत ठेवू नकोस, पुसून तेलाचा हात फिरव."